तलकाडच्या वाळूतला निखारा

"फरशी पुसून घेतली असती तर काय स्वामींचा निखारा विझला असता?" सरस्वतीबाई वेदवतीच्या कानाशी कुरकुरल्या. "ह्या वयात खाली मांडी घालून बसायचं. पाठीला खांब नाही, घोटभर कॉफी नाही. आपल्या विठ्ठलाच्या देवळात सुम्ने, नुसतं डोकावलं तरी हातावर केळं पडतं."

"मग आलात कशाला, काकू?"

"अय्यो, काय विचारतेस! तुझे आप्पा म्हणाले म्हणून आले की. दुसरा कुणी म्हणाला असता तर मंडी मोहल्ला सोडून ह्या बोगादीला पाऊल टाकलं नसतं. भुजंगराव रंगारी आणि खोटं बोलतील? अष्टे, विषय संपला."

वेदवतीनं मांडीवरची कापडी पिशवी जरा जवळ ओढली. विषय संपला असता तर बरं झालं असतं.

मैसूरच्या बोगादीतलं ते कल्याणमंटप एरवी लग्नामुंजींचं. गेल्या दसऱ्यापासून मात्र दर रविवारी तिथं केंडस्वामींचा दरबार भरत होता. केंड म्हणजे कानडीत निखारा. नवरा-नवरीच्या खुर्च्यांपैकी एकीवर स्वामी बसत आणि दुसरीवर चांदीच्या ताटात, मलमलच्या पुरचुंडीत, त्यांचा निखारा बसे. खाली माणसांचा समुद्र. कुणी कुबडी घेऊन, कुणी तापलेलं लेकरू खांद्यावर टाकून, कुणी नुसतंच बघायला. देवाच्या दारी आलेली ही सगळी मंडळी आधी एकमेकांच्या रांगेतल्या नंबराकडे बघत होती आणि मग देवाकडे.

"तलकाडला वाळूखाली देवळं गाडली गेली, हे शाळेतलं पोरही सांगेल," माइकमधून स्वामींचा आवाज घुमला. "पण देवळाबरोबर यज्ञकुंडही गाडलं गेलं, हे कोण सांगेल? मी सांगेन! वाळूनं त्या कुंडाला गिळलं, पण पचवता आलं नाही. वरून काळं, आतून पेटलेलं! तोच हा निखारा. तुमचा बीपी, तुमची शुगर, तुमची गाठ, तुमचा कोर्टातला दावा, सगळं जाळतो. पथ्य एकच. दोन आगी एका चुलीत नांदत नाहीत. निखारा धरला की गोळी बंद, सुई बंद, दवाखाना बंद!"



विधी साधा होता. काचेच्या ग्लासात स्वामींचं तीर्थ. दिसायला पाण्यासारखं, वासाला काही नाही. रोग्यानं त्यात बोटं बुडवून दुखण्याचं नाव मनात घ्यायचं, म्हणजे रोग बोटांतून पाण्यात उतरतो. कोर्टातला दावा कसा उतरतो, हे कुणी विचारलं नाही. मग स्वामींचा शिष्य ग्लासात गडद निळ्या रंगाचे थेंब सोडी. हा रोगाला दिलेला देह, म्हणजे तो लपून राहू नये. त्यानंतर निखाऱ्याची पुरचुंडी दोऱ्यानं आत सोडायची. ती बुडाली की पाणी सळसळे, बुडबुड्यांच्या माळा वर येत आणि एक भजन म्हणून होईतो निळं पाणी फिकं होत होत आरस्पानी होऊन जाई. बायका डोळे पुसत. पुरचुंडी बाहेर निघे आणि पुढच्याच्या ग्लासात जाई. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच.

ही पुरचुंडी भुजंगरावांना पहिल्यांदा दिसली तेव्हा त्यांनी हात जोडले नव्हते. त्यांनी तिचा वास घेतला होता.

वेदवतीचं घराणं रंगाऱ्यांचं. मैसूरच्या बायकांच्या अंगावरचे कितीतरी हिरवे-जांभळे आजोबांच्या हंड्यातून निघालेले. पुढं कारखान्यांचे रंग आले, हंडे मोडीत गेले आणि भुजंगरावांनी मंडी मोहल्ल्यात ब्लाउजपीसचं दुकान टाकलं. पण नजर रंगाऱ्याचीच राहिली. साडी न आणता बाई नुसती म्हणाली, "आवळ्यासारखा हिरवा, पण उन्हात वाळलेला आवळा," तरी ते बरोबर तोच कपडा काढून देत.

अशा माणसानं स्वामींच्या ग्लासाची परीक्षा घेतली ती रंगाऱ्यासारखी. ब्लीचिंग पावडर असेल तर नाकात वास जातो. वास नव्हता. सोड्यानं रंग मारला असता तर बोटांना बुळबुळीत लागलं असतं. लागलं नाही. राहिला कोळसा. कोळसा रंग पितो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पुरचुंडी मागून घेतली आणि आपल्या पांढऱ्या धोतराच्या सोग्यावर करकचून पिळली. निळा डाग नाही. शिवाय, रंग पिऊन पिऊन कोळसा कधीतरी भरतो. हा भरतच नव्हता. तेव्हा भुजंगराव भर दरबारात उभे राहिले आणि म्हणाले, "मी रंगारी. माझ्या बापजाद्यांनी रंग चढवले आणि रंग उतरवले. हा रंग कुणी उतरवलेला नाही. हा जळालाय. हे माणसाचं काम नव्हे."

झालं. स्वामींना जे हजार पत्रकं छापून मिळालं नसतं, ते एका रंगाऱ्याच्या तोंडून फुकट मिळालं. देवळातली भजनी मंडळी आली, शिंपीआळीतली आली, त्यांच्या सुना, सुनांची माहेरं आली. आणि सगळ्यांच्या आधी, भुजंगरावांचा हात धरून, गौराबाई आली.

गौराबाई म्हणजे वेदवतीची आई. तिच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टर कमलाक्षींनी वेदवतीला खोलीत बोलावून इंग्रजीत त्या गाठीचं नाव सांगितलं. वेदवतीनं ते नाव तिथंच ठेवलं आणि घरी फक्त 'गाठ' आणली. घरानं तिचंही पुढं 'आईचं ते' केलं. आईचं ते बरं होणार होतं, डॉक्टर तसं म्हणालेही होत्या. आधी सलाइनमधून औषध, मग ऑपरेशन. वेळेवर झालं तर उरलेलं आयुष्य हातात.

पहिल्या औषधानं गौराबाईचे केस गेले. दुसऱ्यानं चेहऱ्यावरचा रंग गेला. उन्हात वाळलेल्या आवळ्याची छटा ओळखणाऱ्या माणसाला बायकोच्या चेहऱ्यावरची ती राख बघवेना. त्याच सुमाराला केंडस्वामी बोगादीला उतरले.

"आप्पा, औषध मध्येच सोडायचं नसतं," वेदवती त्या वेळी म्हणाली होती.

"तुझं औषध तिला मारतंय. बघ तिच्याकडं! ह्या पंधरवड्यात स्वल्प जेवते तरी."

"औषध थांबलं म्हणून जेवते. बरी झाली म्हणून नाही."

"तू कॉलेजात शिकवतेस, मान्य. पण रंगातलं मला शिकवू नकोस, वेदा. मी पिळून बघितलंय."

"आई, तू तरी बोल."

गौराबाई चुलीपुढून वळलीही नाही. "दोघं भांडू नका. सारू उकळतोय."

इतकंच. ती कुणाच्याच बाजूनं बोलली नाही. दर रविवारी मात्र डोक्यावरून पदर घेऊन ती नवऱ्याबरोबर बोगादीला जाई आणि दर रविवारी तिचं पाणी आरस्पानी होई.

वेदवतीला ह्या कोड्याचा धागा सापडला तो आईच्या बोटांवर. एका रविवारी गौराबाई घरी आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची बोटं टोकांना पांढरीफटक पडली होती, चुन्यात बुडवल्यासारखी. "झोंबतात ग," ती म्हणाली. "स्वामी म्हणतात, रोग बाहेर पडताना चावतो."

वेदवतीनं ते पांढरेपण शेकडो वेळा पाहिलं होतं, स्वतःच्या बोटांवर. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हातमोजा फाटला आणि कडक पेरॉक्साइड लागलं की बोटं अशीच होतात आणि काही वेळानं पुन्हा पूर्ववत. रंगकारखान्यांचं सांडपाणी नदीत जाण्याआधी त्यातला रंग कसा नष्ट करायचा, हाच तिच्या अभ्यासाचा विषय. ती रोज तेच करत होती, फक्त भजन न म्हणता.

त्या आठवड्यात तिनं चौकशी केली. स्वामी पूर्वाश्रमी सांडपाणी शुद्ध करायचा माल कारखान्यांना विकणारे एजंट होते. तलकाडला ते गेलेही असतील, सहलीला.

सगळं उमगल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. गाठ आता केवढी झाली आहे, हे तिनं आईला विचारलं नव्हतं. रोज रात्री जेवताना विचारायचं ठरवे आणि रोज ताट उचलून उठे. निळं पाणी आरस्पानी का होतं, हे शोधणं त्यापेक्षा किती सोपं होतं! डॉक्टर कमलाक्षी फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "तिला घेऊन या. काय उरलंय ते बघू. पण आणा." पण आप्पांचा शब्द उभा असेतो आई यायची नव्हती. म्हणून आजचा रविवार, म्हणून मांडीवरची पिशवी.

भजन संपलं. वेदवती उठून उभी राहिली.

"स्वामी, एक शंका आहे."

"शंकेलाही ग्लास आहे, अम्मा!" स्वामी प्रसन्न हसले. "बोटं बुडवा, शंका पण जळून जाईल."

सभा खदखदून हसली. पुढच्या रांगेतून भुजंगरावांनी मागं वळून पाहिलं. "वेदा, बस खाली."

"बसते, आप्पा. स्वामी, मी बोटं बुडवते, पण तीर्थ नको. नळाच्या पाण्यात तुमचा निखारा सोडा. तो पेटलेला आहे ना?"

"तीर्थाशिवाय निखारा उपाशी, अम्मा."

"म्हणजे रोग तीर्थ जाळतं की निखारा?"

"दोघं! शिव आणि शक्ती! एकाशिवाय दुसरा अपुरा!"

"अगदी बरोबर," वेदवती म्हणाली. "कॉलेजात मीही हेच शिकवते. फक्त नावं वेगळी घेते."

ती स्टेजवर चढली. शिष्य आडवा आला, पण सरस्वतीबाईंचा आवाज मागून कडाडला, "भुजंगरावांची मुलगी आहे ती! तिला हात लावलास तर बघ!" आणि शिष्य बाजूला झाला. वेदवतीनं पिशवीतून एक ग्लास काढला. औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली काढली, तिच्यावरचं नाव सगळ्यांना दिसेल अशी फिरवली आणि त्यातलं ग्लासात ओतलं. निळा रंग घातला. मग आपल्या प्रयोगशाळेतून आणलेली, फडक्यात बांधलेली काळी भुकटी भुजंगरावांपुढं धरली.

"तुम्ही सोडा, आप्पा. माझ्या हातावर कुणाचा विश्वास नाही."

भुजंगराव जागचे हलेनात.

"ह्या ग्लासात कुणी बोट बुडवलेलं नाही. ह्यात कुणाचाही रोग नाही. तुम्हीच बघा."

ते उठले. त्यांनी ग्लासाचा वास घेतला, दोन बोटांत थेंब चोळला. जुनी सवय. मग पुरचुंडी आत सोडली. पाणी सळसळलं, बुडबुड्यांच्या माळा वर आल्या. ह्या वेळी भजन नव्हतं, त्यामुळं जरा लांबल्यासारखं वाटलं. एवढंच. निळ्याचा आभाळी झाला, आभाळीचा धुरकट झाला आणि मग पलीकडं भुजंगरावांची पाच बोटं लख्ख दिसू लागली.



"हा नारळाच्या करवंटीचा कोळसा," वेदवती सांगू लागली. वर्गात सांगते तसंच. "भट्टीत असा भाजलेला की त्याच्या अंगात भोकंच भोकं. मधमाशीच्या पोळ्यासारखी, पण डोळ्यांना न दिसणारी. त्या भोकांत लोखंडाचे कण बसवलेत. इतके बारीक की त्यांच्यापुढं मोहरीचा दाणा म्हणजे चामुंडी टेकडी. आणि तीर्थ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुतो ना आपण, ते. स्वामींचं जरा कडक आहे, म्हणून बोटं झोंबतात. ते लोखंडाच्या कणाला शिवलं की फुटतं. फुटताना जे जहाल निघतं ते रंगाचे तुकडे तुकडे करून टाकतं."

"मग तो भरत का नाही?" भुजंगरावांनी विचारलं. हळू. सभेला नव्हे, लेकीला.

"कारण तो रंग पिऊन बसत नाही, आप्पा. लग्न जुळवणारा मध्यस्थ असतो ना? दोघांना एकत्र आणतो, स्वतः बोहल्यावर चढत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी जातो. हे कण तसे. शास्त्रात ह्यांना उत्प्रेरक म्हणतात. धोतरावर डाग पडला नाही, तो ह्याचमुळं. रंग उतरलेला नाही, जळालाय, हे तुम्ही अगदी बरोबर ओळखलं होतं. सगळ्या मैसुरात तुम्हीच ओळखलंत. फक्त हे माणसाला येत नाही असं धरून चाललात."

भुजंगरावांनी ग्लास खाली ठेवला.  मग पुन्हा उचलून त्याचा वास घेतला.

एवढ्यात स्वामी सावरले. "बघा, बघा लीला!" ते माइकवर झेपावले. "नास्तिकाच्या हातूनसुद्धा देवी काम करून घेते! बाटलीवर नाव कंपनीचं, आत शक्ती कुणाची? शास्त्र सांगतं कसं, मी सांगतो कोण! अहो, ग्लासांचं सोडा. माणसाला विचारा! आमच्या गौराम्मा इथं बसल्यात. ह्याच बाईंच्या मातोश्री! पहिल्या रविवारपासून निखारा घेतायत. त्यांनाच विचारा, पाणी स्वच्छ होतं की नाही? या अम्मा, वर या. सांगा तुमच्या लेकीला!"

सगळ्या माना भिंतीकडेच्या बायकांत बसलेल्या गौराबाईकडं वळल्या.  हे वेदवतीनं धरलं नव्हतं. आईनं आता 'बरं वाटतं' म्हटलं की सगळं पेरॉक्साइड वाया गेलं. आई आजवर कुणाच्या मनाविरुद्ध बोलली नव्हती. जावांपुढं नाही, गिऱ्हाइकांपुढं नाही, डॉक्टरपुढंसुद्धा नाही.

गौराबाई भिंतीला धरून उठली. दोन बायकांनी तिला आधार दिला. शिष्यानं माइक पुढं केला तो तिनं हातानं बाजूला सारला, ताक नको म्हणावं तसा. "बेडा, बेडा. मला बोलता येतं."

"बोला, गौराम्मा! पाणी स्वच्छ झालं की नाही?"

"झालं. दर खेपेला झालं."

"ऐकलंत?" स्वामींनी दोन्ही हात वर केले. कुणीतरी जयजयकाराला सुरुवात केली.

गौराबाई थांबून राहिली. आपलं बोलणं अजून संपलं नाही, हे तिनं नुसतं उभं राहून कळवलं. जयजयकार अर्ध्यात विरला. मग ती स्वामींकडं न बघता नवऱ्याकडं वळली.

"अहो, पाणी स्वच्छ झालं. मी नाही झाले."

"गौरा..."

"बोलू द्या मला. ती गाठ पहिल्या महिन्यातच वाढायला लागली होती. मला अंघोळीला रोज कळायचं. आता काखेत आणखी आल्यात. गळ्याखाली पण एक आहे."

"मग बोलली का नाहीस ग?" भुजंगरावांचा आवाज फुटला. "एका शब्दानं का नाही बोललीस मला?"

"कशी बोलू? एवढ्या लोकांत तुम्ही उभं राहून शब्द दिला होता. लोक तुमच्या शब्दावर लेकरं घेऊन येत होते. मी बरी होत नाही म्हटलं असतं तर तुम्ही खोटे ठरला असता. मला वाटलं, आणखी एक रविवार बघू. मग आणखी एक."

वेदवती स्टेजवरून उतरली आणि आईपाशी आली. तिला आईचा हात धरायचा होता, पण कुठं धरला तर दुखेल, हे तिला माहीत नव्हतं. इतक्या दिवसांत तिनं तेवढंही विचारलं नव्हतं. "आई, आपण उद्याच जाऊ. डॉक्टर म्हणाल्यात घेऊन या. अजून औषधं आहेत, नवीन आली आहेत..."

"जाऊ की. तू म्हणतेस तर जाऊ." गौराबाईनं लेकीच्या गालावरून हात फिरवला. मग ती सभेकडं वळली. कुबडीवाल्याकडं, तापलेल्या लेकराच्या आईकडं, तोंडावर पदर धरून बसलेल्या सरस्वतीबाईंकडं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण माइकची गरज पडली नाही.

"मला कॅन्सर आहे. आमच्या घरात हे नाव कुणी घेत नाही, म्हणून मीच घेते. वेळेवर गेले असते तर वाचले असते, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. आता मी वाचायची नाही, वेदा. तुलाही ते ठाऊक आहे आणि तुझ्या आप्पांनाही. पण बायांनो, तुमच्यापैकी कुणाच्या अंगात काही असेल, कुणाच्या लेकराला ताप असेल, तर पाण्याचा रंग बघत बसू नका. उठा आणि दवाखान्यात जा."